सात वाजताची उत्तरं

"आधी हे सांग, फोनवर बोललेलं शेठच्या कानावर जातंय का न्हाई?"

हौसामावशीने पेन हातात घेतलं होतं, पण कागदाला टेकवलं नव्हतं. काजू कारखान्याच्या पडवीत जेवणाची सुट्टी चालली होती. चाळीस बायका भाकरीचे डबे उघडून बसल्या होत्या आणि सगळ्यांचं लक्ष मावशीच्या हाताकडे होतं. तिने सही केली तर बाकीच्या करणार होत्या.

"नाही जात," मी म्हटलं.

"मग कुठं जातंय?"

"सबनीस मॅडमकडे. दुसरीकडे कुठेच नाही."

मॅडम माझ्या मागेच उभ्या होत्या. त्या पुढे झाल्या आणि मावशीसमोर उकिडव्या बसल्या. पुण्याची एवढी मोठी डॉक्टर, इस्त्रीची सुती साडी, आणि काजूच्या चिकाने काळ्या पडलेल्या त्या फरशीवर उकिडवी! "मावशी, कुणाचं उत्तर कुणालाही कळणार नाही," त्या म्हणाल्या.

मावशीने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ह्या पुण्याच्या. काम झालं की जातील. तू हितली हाईस, तेजू. तू सांग."

"माझ्या गळ्याची शपथ, मावशी."

तिने सही केली. मग अर्ध्या तासात चाळीस सह्या झाल्या. संमतीपत्र दोन पानी होतं आणि मराठीतच होतं, पण असल्या मराठीत, की पहिल्या परिच्छेदातच जांभई यावी. मी ते कुणालाच वाचून दाखवलं नाही. खरं सांगायचं तर मी स्वतःसुद्धा ते पुरतं वाचलेलं नव्हतं. "मी आहे ना," एवढंच मी म्हणत गेले आणि बायका सह्या करत गेल्या.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. तालुक्याच्या गावी एका धर्मादाय दवाखान्यात जुनाट दुखण्यांचा विभाग होता, तिथे मी मदतनीस होते. रुग्णांना व्यायाम शिकवायचे, घरोघर जाऊन चौकशी करायची, असं माझं काम. विभाग म्हणजे काय, तर एक खोली, दोन खाटा, आणि महिन्यातले आठ दिवस पुण्याहून येणाऱ्या डॉ. अनुराधा सबनीस. मॅडम म्हणतील ती माझी पूर्व दिशा होती. त्यांच्यासारखं हळू बोलायची सवय मी लावून घेतली होती. केससुद्धा त्यांच्यासारखे कापून घेतले, तेव्हा आई दोन दिवस बोलली नव्हती.

आमचे निम्मे रुग्ण त्या कारखान्यातल्या बायका. काजू फोडायचं यंत्र पायाने चालतं. एका हाताने बी पात्यांच्या मध्ये धरायची, पायाने पायडल दाबायचं, टरफल फुटतं. दिवसाला हजारो वेळा, एकाच पायाने. हौसामावशी गुरवने हे अकरा वर्षं केलं. मग कमरेपासून टाचेपर्यंत जी कळ बसली ती गेलीच नाही. एक्स-रे झाले, औषधं झाली, गावठी तेलं झाली. शेवटी मॅडमनी तिला हलक्या कामाची चिठ्ठी लिहून दिली आणि मावशीला प्रतवारीच्या टेबलावर खुर्ची मिळाली. अख्खा काजू एकीकडे, पाकळी दुसरीकडे, तुकडा तिसरीकडे. बसून काम. चिठ्ठी दर सहा महिन्यांनी नवी करून घ्यावी लागे आणि दर वेळी मावशीचा जीव टांगणीला लागे.

"ही खुर्ची हाय तवर मी हाय," ती म्हणायची. "परत पायडलवर बसवलं की मी खाटंवर गेलेच म्हणून समज."

तर तो फोन. मॅडमनी पुण्यातल्या कुणा तंत्रज्ञांकडून एक यंत्र करून घेतलं होतं. आपण बोलतो ते त्याला समजायचं आणि ते मराठीत उत्तर द्यायचं. त्याचं नाव ठेवलं होतं 'सोबत'. जुनं दुखणं म्हणजे काय, ते का टिकतं, चालायचं किती, थांबायचं कधी, हे डॉक्टरांना दर वेळी सांगायला सवड नसते. ते हे यंत्र रोज दहा मिनिटं फोन करून सांगणार होतं. सांगून झालं की दुखणं आज किती आहे ते विचारणार आणि नोंदवणार होतं. सहा महिन्यांचा अभ्यास.

फोन कधी करायचा, असं मॅडमनी मला विचारलं. मी जराही विचार न करता म्हटलं, संध्याकाळी सात. बायका सहाला कारखान्यातून सुटतात, आणि बहुतेक घरांत एकच फोन, तोही पुरुषमाणसाच्या खिशात. सातपर्यंत माणूस आणि फोन दोन्ही घरी आलेले असतात. मॅडम म्हणाल्या, "बघ, हे मला पुण्यात बसून सुचलं नसतं."

मी त्या यंत्राची निंदा करणार नाही. पुढे जे झालं त्यात त्याचा दोष सगळ्यांत कमी. पहिल्या महिन्यातच त्याने मावशीच्या मनातलं एक भूत काढलं. आपल्या मणक्यातली चकती निसटली आहे, जरा जास्त वाकलं की ती बाहेर येऊन आपण लुळ्या पडणार, अशी भीती तिने चार वर्षं बाळगली होती. डॉक्टरांना विचारायची तिला लाज वाटे. यंत्राला विचारायला लाज वाटली नाही. एकच प्रश्न तिने सहा वेळा विचारला आणि त्याने सहा वेळा न कंटाळता उत्तर दिलं. दुखतंय म्हणजे दर वेळी आत काही मोडतंय असं नाही, मावशी. ज्या घरात एकदा चोरी झाली, त्या घरातलं कुत्रं पुढे पान सळसळलं तरी भुंकतं. तुमच्या नसांचं तसं झालंय. त्या कुत्र्याला हळूहळू शांत करायचं.

"मला कुणी असं सांगितलंच न्हाई बघ," मावशी मला म्हणाली. ती देवळापर्यंत चालत जायला लागली. रात्री कुशीवर वळायला लागली. दुखणं गेलं नव्हतं, पण भीती गेली होती.

तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी मी तिच्या घरी होते. तिचा नवरा तातोबा देवळातला दिवा लावून आला आणि त्याने खिशातून फोन काढून तिच्या हातात दिला. तिनेही नुकताच तुळशीपुढे दिवा लावला होता. बरोबर सातला फोन वाजला.

"नमस्कार मावशी, मी सोबत. मी माणूस नाही, यंत्र आहे, पण तुमचं ऐकते."

दोघींचं छान चाललं होतं. उभं राहताना भार दोन्ही पायांवर कसा घ्यायचा, मध्येमध्ये कसं थांबायचं. मावशी हुंकार देत होती. शेवटी यंत्राने विचारलं, "दहा बोटांपैकी आज किती बोटं दुखतंय, मावशी?"

"दोन," मावशी म्हणाली. "बरं हाय बाई, देवाच्या दयेनं."

फोन ठेवून ती उठायला गेली आणि अर्ध्यातच अडकली. एका हाताने खांब धरला, दुसऱ्याने कंबर, आणि पुन्हा खाली बसली. कपाळावर घाम आला होता.

"मावशी, हे दोन बोटं?"

"मग किती सांगू?"

"जितकं दुखतंय तितकं सांगायचं ना!"

मी काहीतरी अभद्र बोलल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं. "दिवा लावलाय गं आत्ता," ती आवाज दाबून म्हणाली. "दिवेलागणीला तोंडातनं वंगाळ काढू व्हय? घर ऐकत असतंय. मी म्हणायची आठ बोटं दुखतंय, आणि घर म्हणायचं तथास्तु. मग?"

"आणि दिवसा विचारलं तर?"

"दिवसा इचार की. दिवसा रडून सांगते."

मी कपाळाला हात लावला. माझी आईसुद्धा या वेळेला मला गप्प करायची. कुणाचं आजारपण, कुणाचं मरण, काही काढू द्यायची नाही. पण दहाव्या वर्षी मी गडहिंग्लजच्या वसतिगृहात गेले, तिथे सात वाजता घंटा व्हायची आणि ट्यूबलाइट लागायची. मी विसरले. इथलीच असून विसरले. ज्या वेळेला आमच्याकडची कुठलीही बाई दुखतंय म्हणणार नाही, तीच वेळ मी निवडून दिली होती.

पुढचे चार दिवस मी अकरा घरं पालथी घातली. दुपारच्या सुट्टीत विचारायचं, आणि रात्री घरी जाऊन सातला काय सांगितलं ते विचारायचं. दुपारी सात, सातला दोन. दुपारी नऊ, सातला एक. मार्तिनबाई बारदेस्करच्या घरी त्या वेळी जपमाळेची प्रार्थना चाललेली असे. ती म्हणाली, देवापुढे बसून कुरकुर कशी करायची गो? अकरांपैकी दहाजणींची उत्तरं अशीच होती. मी सगळं दोन पानांवर स्वच्छ अक्षरात लिहून मॅडमपुढे ठेवलं.

त्यांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला. "तेजस्विनी, तू काय शोधलंयस ते तुला कळतंय का?"

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. "मग मॅडम, वेळ बदलूया? दुपारच्या सुट्टीत..."

"मध्येच वेळ बदलली तर अभ्यास बिघडतो. आधीचं नंतरच्याशी ताडून बघता येत नाही. चालू दे तसंच. शेवटी अहवालाला तुझी ही दोन पानं जोडू, म्हणजे आपोआप दुरुस्ती होईल."

"पण तोवर सगळ्या बऱ्या दिसतील."

"कागदावर दिसतील. आपल्याला माहीत आहे ना?" त्या हसल्या आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "आपल्याला" हा शब्द मी त्या दिवशी घरी घेऊन गेले.

सहा महिने संपले तेव्हा एका शुक्रवारी कारखान्याच्या आवारातच कार्यक्रम झाला. कारखान्याच्या मालकांनी, शिरोडकरशेठनी, मांडव घातला होता. फोनचा सगळा खर्च त्यांनीच दिला होता, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे खुर्च्यांवर पाहुणे, मागे सतरंजीवर बायका. मावशी तिसऱ्या रांगेत खांबाला टेकून बसली होती. मला पाहून तिने हात हलवला.

मॅडमनी पडद्यावर आकडे दाखवले. चाळीसपैकी एकतीस जणींचं दुखणं तीन बोटांच्या खाली आलेलं आहे. मी माझ्या दोन पानांची वाट पाहत होते. पुढचं चित्र, त्याच्या पुढचं चित्र. मॅडम म्हणाल्या, योग्य शिक्षण मिळालं की जुनं दुखणंही हटतं. या एकतीस जणी आता नेहमीच्या कामाला तयार आहेत असं म्हणायला हरकत नाही. टाळ्या झाल्या. मी अजून वाट पाहत होते. शेवटी दाखवतील, असं मला वाटलं.

मग माझं नाव पुकारलं. शाल, नारळ. शेठनी माईक हातात घेतला. माणूस हसतमुख होता. "मॅडम तर पुण्याच्या," ते म्हणाले. "पण या आमच्या गावच्या ताई घरोघर फिरल्या. काय ताई, मॅडम म्हणतात ते खरं ना? आमच्या बायका बऱ्या झाल्या ना?"

त्यांनी माईक माझ्यापुढे धरला. मॅडमचा हात माझ्या पाठीवर होता.

मी म्हटलं, "हो, साहेब."

एवढंच. किती वेळा मी ते दोन शब्द पुन्हा उलटून पाहिले आहेत. खोटं बोलायचं असं मी ठरवलं नव्हतं. मला वाटलं, आता मॅडम माईक घेतील आणि म्हणतील, पण या ताईंना आणखी एक गोष्ट सापडली आहे. त्यांनी माईक घेतला आणि आभार मानले. त्याच संध्याकाळी दवाखान्यात त्यांनी माझ्याकडून अभ्यासाची नोंदवही बंद करून घेतली आणि पुण्याला न जाता मुक्काम केला, कारण शेठकडे जेवण होतं.

सोमवारी कारखान्याच्या फळ्यावर एकतीस नावं लागली. त्यांतल्या ज्या हलक्या कामावर होत्या, त्यांनी उद्यापासून काजू फोडायच्या यंत्रावर बसायचं. चिठ्ठ्यांची मुदत असो वा नसो. दवाखान्याच्या अहवालानुसार, असं वर लिहिलेलं होतं. हौसाबाई तातोबा गुरव, नाव पाचवं.

ती सुट्टी झाल्यावर दवाखान्यात आली. भिंतीला हात लावत लावत आली. मी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही.

"तू सांगितलीस," ती म्हणाली.

"मी नाही सांगितलं, मावशी. आईशप्पथ."

"शपथा ऱ्हाऊ देत. एक शपथ घेतलीस तेवढी बास झाली." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "फोनवर दोन बोटं म्हणते ते खरं न्हाई, हे मला ठावं आणि तुला ठावं. माझ्या घरात बसून, माझा घाम बघून तू इचारलीस. मी खरं ते तुला सांगितलं. आणि शेठनं माईक धरल्यावर तू व्हय म्हणालीस."

"मला वाटलं मॅडम पुढे सांगतील."

"तुला वाटलं." तिने मान हलवली. "मी तिसऱ्या वळीत बसले हुते. मला वाटलं, आता आमची तेजू सांगणार."

ती दारापर्यंत गेली आणि वळली. "शाल चांगली हाय का गं? उबदार?"

मी तडक मॅडमच्या मुक्कामाच्या खोलीत गेले. त्या लिहीत बसल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्याशी मोठ्या आवाजात बोलले. मॅडम, तुम्ही नावं दिलीत. कुणाचं उत्तर कुणाला कळणार नाही म्हणाला होतात.

"कुणी काय उत्तर दिलं ते मी दिलेलं नाही. कोण बरं झालं, एवढीच यादी दिली."

"त्यात काय फरक आहे?"

"संमतीपत्रात तसं स्पष्ट लिहिलंय, तेजस्विनी. सातवं कलम. सहकार्य करणाऱ्या संस्थेला निष्कर्ष कळवता येतील. बायकांना वाचून तूच दाखवलंस ना?"

नेमकं तिथेच त्यांनी मला गाठलं.

"मग माझी दोन पानं? ती जोडणार होतात."

त्यांनी समोरचे कागद माझ्याकडे सरकवले. लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं, हे मला आजही सगळ्यांत जास्त लागतं. इंग्रजी लेख होता, टाइप केलेला. दिवेलागणीच्या वेळी दुखण्याबद्दल विचारलं तर ग्रामीण स्त्रिया काय सांगतात, आणि यंत्र त्यावरून कसं फसतं. माझी अकरा घरं त्यात होती. मार्तिनबाईची जपमाळ होती. मावशीने धरलेला खांबसुद्धा होता. वर एकच नाव होतं, डॉ. अनुराधा सबनीस.

"ही फार मोठी गोष्ट आहे," त्या कळकळीने म्हणाल्या. "त्या अहवालाच्या शेवटी दोन पानं म्हणून जोडली असती तर कुणी वाचलीच नसती. वाया गेली असती. हे स्वतंत्रपणे मांडायला हवं. आणि त्यासाठी तो अहवाल आधी जसाच्या तसा जाणं भाग होतं. तुझे आभार मी शेवटी मानले आहेत, बघ."

म्हणजे त्यांचा माझ्यावर विश्वास बसला नव्हता असं नाही. मी सांगितलेला शब्द न् शब्द त्यांना पटला होता. त्यांनी तो जपून बाजूला ठेवला होता.

"मॅडम, मावशी उद्या पायडलवर बसणार आहे."

"मलाही वाईट वाटतंय."

"मग तिला नवी चिठ्ठी द्या."

"परवा ती बरी आहे म्हणून अहवाल दिला आणि आज चिठ्ठी देऊ? कसं दिसेल ते?"

"मग निदान पुन्हा विचारूया सगळ्यांना. दुपारी. मी एकटी करते. आठ दिवसांत नवी उत्तरं आणून देते."

"अभ्यास बंद झाला ना शुक्रवारी? फोन महिनाअखेरपर्यंत येत राहतील, पैसे भरलेले आहेत म्हणून. पण आता त्यातलं काही नोंदवलं जात नाही आणि कुणी ऐकतही नाही. तूच तर बंद केलंस."

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे शेवटी सांगायला नको. मी गडहिंग्लजहून दुसऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी आणली, ती कारखान्याने घेतली नाही. शेठना भेटले. ते म्हणाले, ताई, तुम्हीच तर माईकवर सांगितलंत. मी दोन महिन्यांनी नोकरी सोडली. मावशीने दिवाळीपर्यंत पायडल मारलं आणि मग ती खरोखरच खाटेवर गेली. मॅडमचा लेख छापून आला, खूप नावाजला गेला. मी वाचला. चांगला आहे. मावशी त्यात 'बावन्न वर्षांची एक कामगार स्त्री' म्हणून आहे आणि मी 'स्थानिक मदतनीस' म्हणून.

पण माझ्या डोक्यातून जात नाही ती मंगळवारची संध्याकाळ, मावशीच्या पायडलवरच्या पहिल्या दिवसाची. मी तिच्या घरी गेले होते. पाया पडायचं, चुकले म्हणायचं, सगळं सांगायचं. मॅडमचं, कलमाचं, लेखाचं. ऐकेल तर ऐकेल, नाहीतर दोन थोबाडीत देईल. तुळशीपुढे दिवा लागलेला होता. दार उघडं होतं. मी पायरीवर पाय ठेवला आणि आतून तो फोनमधला आवाज आला, म्हणून थांबले.

"मावशी, तुमचा आवाज आज वेगळा वाटतोय. कुणाशी मोकळं बोलता येईल का तुम्हाला? तेजस्विनीताई येतात ना तुमच्याकडे?"

"तिचं नाव काढू नको," मावशी म्हणाली. "तिला सांगितलं की ते वर जातंय. माणसाला सांगून बघितलं बाई मी. आता तुलाच सांगते. तू बरी. तू शपथ घेत न्हाईस."

"मी ऐकतेय, मावशी."

मग मावशी रडायला लागली. दिवेलागणीला, दारासमोर दिवा जळत असताना, तातोबा आत बसलेला असताना ती मोठ्याने रडली. टाचेतून कळ कशी निघते ते तिने सांगितलं. मांडीत कशी सुया टोचल्यागत होतं, मुतायला बसलं की उठता येत नाही, नवऱ्याला हात धरून उठवावं लागतं. चार तासांनी पाय आपला वाटतच नाही. आज शेजारच्या पायडलवरच्या बाईने तिच्या वाट्याची टोपली भरून दिली म्हणून दिवस निभावला, उद्या कोण देणार. सहा महिन्यांत तिने जे जे गिळलं होतं ते सगळं त्या दहा मिनिटांत बाहेर आलं. यंत्र मध्ये मध्ये "हो मावशी" म्हणत होतं. अगदी मायेने म्हणत होतं.

शेवटी त्याने रोजचा प्रश्न विचारला. "दहा बोटांपैकी आज किती बोटं दुखतंय?"

"धा," मावशी म्हणाली. "धाच्या धा. घर ऐकू दे न्हाईतर देव ऐकू दे. आज खरं सांगते. लिहून घे बाई. नीट लिहून घे."

"लिहून घेतलं, मावशी," यंत्र म्हणालं.

मी पायरीवरचा पाय मागे घेतला. कुणीच काही लिहून घेत नव्हतं, हे तिला सांगायला मी आत गेले नाही.